काचेआडची दोन बोटं

२०१८ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. पनवेलच्या एका इस्पितळात कॅन्सरच्या वॉर्डात साफसफाई करायचो. सलाईनमध्ये कॅन्सरची औषधं भरायच्या खोलीला काचेचं दार होतं. मी कचऱ्याची पिशवी उचलायला गेलो की आतली सिस्टर काचेआडून दोन बोटं दाखवायची. म्हणजे, मामा, हातमोजे दोन घाला, एकावर एक.

मी एकही घालत नसे. आमच्या घराण्यानं उघड्या हातापायांनी मिठागरं केली.

"हे मीठ नाही, मामा," ती म्हणायची. "हे औषध कातडीतून आत जातं."

"तू तुजे हात जप, बाय. माजे दगडाचे हायत."

ती हसायची आणि पुन्हा दोन बोटं दाखवायची.

लग्नानंतर सात वर्षांनी तिला दिवस गेले. ते औषध पोटातल्या बाळाला बाधतं, त्या खोलीतून बदली द्या, असा अर्ज तिनं केला. दुसरी सिस्टर मिळेपर्यंत थांब, असं वरून सांगितलं. त्यातच हातमोजे कमी यायला लागले. वापरलेली एकेक जोडी टाकताना ती मोज्यांच्या खोक्यात किती उरले ते डोकावून बघायची, ते मी पाहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, या माणसाला अक्कल नव्हती का? तिनं टाकलेले मोजे मला नव्यासारखे दिसत. मी ते साबणानं धुतले, गच्चीवर वाळवले, पावडर लावून खोक्यात परत ठेवले. कुणाला बोललो नाही. कळेल तेव्हा शाबासकी देईल, असं मनात होतं.

तीन आठवडे तिनं तेच घातले. मग एका मोज्याच्या बोटात तिला पाण्याचा थेंब सापडला.

"मामा, हे तुम्ही धुतले?"

मी ताठ मानेनं हो म्हणालो. ती भिंतीला टेकली. यात औषध मुरलेलं असतं, धुऊन जात नाही, एवढंच हळू बोलली. मग माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"धुताना तुम्ही हातांत काही घातलं होतं का?"

चौथ्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं. कशानं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझं नाव तिनं कुणाजवळ घेतलं नाही. महिन्याभरानं नोकरी सोडली. जायच्या दिवशी डबा, चपला पिशवीत भरून ती कामोठ्याच्या रिक्षात बसली. मी फाटकाशी उभा होतो. माफी मागायला तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी सिस्टर आली. आधीच्या सिस्टरनं टाकलेले मोजे मीच धुऊन खोक्यात परत ठेवले होते, ते मी तिला सांगितलं. मग दोन्ही हातांत दोन-दोन मोजे चढवले आणि पिशवी उचलली.