मामीच्या मनगटावरचा विंचू

हसनाबादच्या माझ्या मामीच्या मनगटावर विंचू गोंदलेला आहे. त्याची नांगी अर्धीच आहे. लहानपणी गोंदताना दुखलं म्हणून मामीने हात ओढून घेतला, तो पुन्हा काही पुढे केला नाही.

बौद्धिक संपदा कायदा शिकून मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत लागले होते. तिथले साहेब बैठकीत मला म्हणायचे, "मॅडम, तुम्ही फक्त फाइल धरा. बोलायचं आम्ही बघतो." सगळे हसायचे. मीही हसायचे, याचाच जास्त राग येतो.

त्यांना मामीकडे मीच नेलं. जरा भाव खायला. मामीची तूर सासूकडून आलेली, शेंगांवर जांभळ्या रेघा, शेजारची तूर मरायची तेव्हाही टिकणारी. साहेबांनी ओंजळभर बी मागितलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं.

"बियाला न्हाई म्हणू ने, पोरी," मामी म्हणाली. साहेबांनी तिच्या हातातल्या शेंगांचा फोटोही काढला.

पुढे नोकरी सोडून मी लॉ कॉलेजात शिकवू लागले. वर्गासाठी वाणांच्या नोंदणीचं सरकारी जर्नल चाळताना एक दिवस त्या शेंगा दिसल्या. खाली लिहिलेलं, कंपनीने विकसित केलेला नवा वाण. फोटो कापला होता, पण नीट नाही. कडेला अर्ध्या नांगीचा विंचू होता.

हरकत घ्यायला तीन महिने असतात. मला पंधरा दिवस पुरले. नोंदणी झाली असती तर मामीची तूर कागदोपत्री कंपनीची झाली असती, आणि तो माणूस तिच्या दारात मी आणलेला.

नोटीस पोचल्यावर साहेब हसनाबादला आले. मी तिथंच होते.

"मावशी, बी तुम्ही खुशीनं दिलं होतं ना? बस, एवढंच लिहिलंय. इथं सही करा."

मामी माझ्याकडे बघू लागली. "दिल्तं तर खरं. खोटं कसं बोलू?"

"पेरायला दिलं होतं की स्वतःचं नाव लावायला?" मी विचारलं.

"पेरायला. नाव कशाला लावंल कुणी?"

"मॅडम, कायदा असा नसतो," साहेब मला समजावायला लागले. मी माझी जाडजूड फाइल त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवली.

"सर, तुम्ही फक्त फाइल धरा."

मग मी बोलले. एकेक कलम, मराठीत, सावकाश. शेजारचे लोक ओट्यावर येऊन बसले, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याची गरज नव्हती.

सही झाली नाही. पुढे कंपनीने अर्जही मागे घेतला.

मामीने मात्र तेव्हा साहेबांपुढे चहा ठेवला होता. त्यांचे हात अडकलेले. "पोरी, घे की ते वझं त्यांच्या हातातून," ती दोनदा म्हणाली. चहावर साय धरेपर्यंत मी फाइल घेतली नाही.