रुमाल बांधून ओळखलेली रायफल

ही गोष्ट मी महाडात पुष्कळांना सांगितली आहे, पण अर्धीच. अर्ध्यावर लोक टाळ्या वाजवायचे आणि मी थांबायचो. उरलेली अर्धी सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता वय झालं. टाळायलाही ताकद लागते.

मी लष्करात हत्यारं दुरुस्त करायचो. निवृत्त झालो तेव्हा नाईक होतो, शिपायाहून दोनच पायऱ्या वर. महाडजवळच्या नाते गावी घरी आलो तेव्हा लोकांनी आपणहून मेजर केलं. मी हरकत घेतली नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर सुपरवायझर म्हणून लागलो.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. डोंगरातले शेतकरी त्या गोधडीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून आणायचे आणि आवारात रांगेने बसायचे. बहुतेक बंदुका ठासणीच्या, रानडुकरं हाकायच्या. नोंद करताना कोणती बंदूक कसली यावरून शिपायांचा गोंधळ होई, म्हणून फौजदार मला बोलावून घेत. चहा मिळे, खुर्ची मिळे.

नव्वदनंतरच्या अशाच एका निवडणुकीला कशेडी घाटाच्या अलीकडच्या एका गावचे पोलीस पाटील आले. साठीचे गृहस्थ, टोपी स्वच्छ, आणि लुगड्यातून निघाली ती रायफल.

"ही कुठून आणलीत?" फौजदारांनी विचारलं.

"आजानं मुंबयच्या दुकानातनं इकत घेतलीय, सायब. पावती व्हती, ती पुरात गेली."

एक शिपाई मला म्हणाला, "मेजर, तुम्ही डोळे बांधून हत्यार ओळखता ना? होऊन जाऊ द्या."

आमच्या पलटणीत ती परीक्षाच असे. डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलायची आणि परत जोडायची. मी खिशातून रुमाल काढला आणि बांधला.

"जरा सबुरीनं, मेजर," पाटील म्हणाले. "आजीच्या वयाची हाय ती."

सगळे हसले. काडतूस आत सरकवायचा बोल्ट हाताला लागला आणि मी ओळखली. या जातीच्या हजारो रायफली माझ्या हातून गेल्या होत्या. मग पुढचं लाकूड चाचपलं. लष्करी रायफलीला ते जवळजवळ नळीच्या टोकापर्यंत जातं. हिचं अर्ध्यातच संपवून गोल घासलं होतं. नळीच्या मुळाशी अंगठ्याला काहीतरी ठोकलेलं लागलं, दोन टोकं एकमेकांना भिडवल्यासारखं. मी त्याला ओरखडा समजलो.

"पलटणीची आहे," मी रुमाल न सोडताच सांगितलं. "कुणीतरी चोरून बाहेर काढली आणि ओळखू येऊ नये म्हणून लाकूड कापलं. लष्कराची रायफल दुकानात मिळत नाही."

शिपायांनी टाळ्या वाजवल्या. पाटलांनीही वाजवल्या. मी काय बोललो ते त्यांना टाळ्या संपल्यावर कळलं.

परवान्यावर काडतुसाचं माप वेगळं होतं, लष्करी नव्हे ते. फौजदारांनी मला दाखवलं. नळी मोजून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणालो, कारकुनाची चूक असेल.

रायफल जप्त झाली, परवाना गेला. चोरीचं हत्यार बाळगणारा माणूस पोलीस पाटील राहू शकत नाही, म्हणून पाटीलकीही गेली. मी फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना रुमालाची गोष्ट सांगत राहिलो.

सात-आठ वर्षांनी महाडातल्या एका ट्रकमालकाने मला घरी बोलावलं. आखातातून परतलेला माणूस. वडील वारले होते, त्यांची रायफल स्वतःच्या नावावर करायची होती, आणि तिला गंज कितपत चढलाय ते मी बघून द्यायचं होतं. तीच जात, तसंच अर्धं लाकूड. या खेपेला माझे डोळे उघडे होते. नळीच्या मुळाशी दोन बाण ठोकलेले होते, टोकाला टोक भिडवलेले. लाकूड उतरवलं तर नळीच्या पोटाला बिगरलष्करी तपासणीचे शिक्के आणि काडतुसाचं बदललेलं माप.

त्याची आई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात दुकानाची पावती होती. पाठीमागे इंग्रजीत छापलं होतं, ते ट्रकमालकाने वाचून सांगितलं. लष्कराने विकून टाकलेल्या रायफली आम्ही माप बदलून शिकारीसाठी विकतो. समोरासमोर दोन बाण ही सरकारने त्या विकल्याची खूण.

"म्हणजे दुकानात मिळायच्या?" मी विचारलं.

"मग ह्याच्या अब्बांनी काय चोरून आणली?" म्हातारी म्हणाली. "चाय घ्या, मेजरसाब. थंड झाली."

मी पावतीची झेरॉक्स मागून घेतली. ठाण्यात चौकशी केली, तर पाटलांची रायफल कधीच नष्ट करायला गेली होती. ती खूण चाचपलेला माझा अंगठा तेवढा शिल्लक होता.

एसटीने पोलादपूर गाठलं, पुढे गाडीने आणि मग चालत वर गेलो. पाटील ओटीवर नाचणी निवडत बसले होते. मला बघताच त्यांनी आत हाक मारली, "चाय टाक गो! डोळं बांधून बंदूक वळखनारं मेजर आलंत!" शेजारीही गोळा झाले.

"पाटील, त्या रायफलीचं..." मी सुरुवात केली.

"जाऊ द्या वो. तुमी खरं ते बोललात. आजाच आमचा खोटारडा निगाला." त्यांनी भिंतीवरचा रिकामा खिळा दाखवला. "फोटो उतरवला मी. पितरांच्या पंधरवड्यात त्याच्या नावाचा घास बी ठेवत नाय. चोराला कशापायी जेवू घालायचा?"

खिशात झेरॉक्स होती. एक शेजारी म्हणाला, "मेजर, ती रुमालाची गोष्ट सांगा की."

मी सांगितली. अर्धी. पाटलांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा निघालो. पोलादपूरच्या स्टँडवर त्यांच्या गावचा माणूस भेटला. पाटील श्रावणात गेले, म्हणाला. मी परतीच्या गाडीत बसलो. येताना सगळ्या वाटेने वाक्य घोकत आलो होतो, ते अजून पाठ आहे: पाटील, तुमचा आजा खरं बोलला होता, चोर ठरवला तो मी, मला माफ करा, आणि त्याचा घास ठेवा.