कामतघरला ठेवलेला डबा

इंदूरची कापड गिरणी बंद पडली आणि आमच्या ह्यांना नोकरी लागली ती थेट भिवंडीत, एका सायझिंगमध्ये. सायझिंग म्हणजे लूमवर चढण्याआधी सुताला खळ देण्याचा कारखाना. ह्यांचं काम खळीशी नव्हतं, हिशेबाशी होतं. पण पहिल्याच महिन्यात पत्रातून सुताबद्दल असं काही लिहायला लागले, की वाटावं, जन्मल्यावर ह्यांना मधाऐवजी खळच चाटवली असावी. झोपायला ऑफिसातलं बाकडं, जेवायला खानावळ. मी आणि आमची लेक इंदूरला, माझ्या भावाकडे.

भाऊ वाईट नव्हता. पण भावाच्या घरी वर्षभर राहिलं की बाई पापडसुद्धा विचारून भाजते. वहिनी तोंडानं कधी काही बोलली नाही. मी ओट्यापासून हलले की येऊन डबे नीट लावून जायची, एवढंच. मला माझं घर हवं होतं आणि त्या घरात हे हवे होते, दुसरं काही मागणं नव्हतं. मध्ये भावाची अट आडवी आली. आधी सुरक्षित वस्ती शोधा, मग बहिणीला पाठवतो, असं त्यानं ह्यांना बजावलं होतं. त्याच्या डोक्यात भिवंडी म्हणजे चौऱ्याऐंशीची दंगल. आता बाबरीनंतर मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली, हे ह्यांनी त्याला दहादा सांगितलं. भाऊ म्हणाला, "शांत आहे म्हणजे काहीतरी शिजत असेल."

शेवटी त्र्याण्णवच्या मे महिन्यात मीच निघाले. कल्याणला माझी मावससासू होती, तिच्याकडे उतरले. भावानं परतीचं बसचं तिकीट हातात ठेवलंच होतं, रविवारचं. तोवर घर ठरलं तर मी लेकीला आणायला जाणार आणि जूनच्या आत तिचं नाव भिवंडीच्या शाळेत घालणार. नाही ठरलं, तर ह्यांनी नोकरी सोडून इंदूरला यायचं आणि भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. गल्ल्यावर बसलेले हे मला आत्ताच डोळ्यांपुढे दिसत होते. हे गिऱ्हाइकाला सुताचा इतिहास सांगत बसले असते.

मला वाटलं होतं, हे चारजणांना विचारतील, भाडं पगारात बसतंय का बघतील, पाणी किती वेळ येतं ते पाहतील. छे. ह्यांनी वस्तीची परीक्षा घ्यायची स्वतःची पद्धत काढली होती. वस्तीत शिरायचं, एखाद्या कट्ट्यावर डबा ठेवायचा, लांब जाऊन उभं राहायचं आणि बघायचं. डबा जागेवर राहिला तर वस्ती सुरक्षित. गेला तर नापास.

"आणि डब्यात काय?" मी विचारलं.

"तू आणलेली शेव."

इंदूरची लवंगेची शेव मी ह्यांच्यासाठी जिवापाड जपत, मांडीवर पिशवी घेऊन आणली होती, चुरा होऊ नये म्हणून. ती आता परीक्षेला बसणार होती. ह्यांचं म्हणणं, रिकाम्या डब्यानं प्रामाणिकपणा कळत नाही, मोहात पाडणारं काहीतरी हवं.

पहिल्या वस्तीत डबा ठेवला तो एका शेळीनं पाडला. झाकण उघडलं, शेळीनं दोन घास खाल्ले आणि तिखट लागलं म्हणून ठसकत निघून गेली. ही चोरी धरायची की नाही यावर हे बराच वेळ विचार करत होते. शेवटी शेळी तिथलीच आहे, म्हणजे रहिवासीच, असं ठरवून त्यांनी ती वस्ती नापास केली. खोली चांगली होती हो. खिडकीला गजसुद्धा होते.

दुसऱ्या ठिकाणी डबा ठेवून आम्ही वळतोय तोच एक लूमवाला गंजीफ्रॉकवरच मागं धावत आला. "ओ भाईसाब, डब्बा रह गया." ह्यांनी आभार मानले, चक्कर मारून आलो आणि डबा पुन्हा ठेवला. तो माणूस पुन्हा धावत आला. या वेळी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभीजी, इनका ध्यान रखो." मला वाटलं, झालं, घर मिळालं. पण हे म्हणाले, परीक्षा पूर्णच होऊ दिली नाही त्यांनी, आणि इतकं लक्ष ठेवणारे लोक बरे नव्हेत. मी डबा काखेत मारला आणि पुढं चालायला लागले. बोलले असते तर रस्त्यात बोलले असते, आणि ते बरं दिसलं नसतं.

रविवार उजाडला. संध्याकाळी इंदूरची बस होती आणि यादीत एकच जागा उरली होती: कामतघरची एक चाळ, मागंपुढं लूमचे कारखाने. भाडं आमच्या बेताचं, खोलीत मोरी, बाहेर पाण्याचं पिंप. मला जागा बघताक्षणी आवडली. ह्यांना परीक्षेशिवाय काही आवडत नव्हतं. शेळीच्या प्रकरणात डब्याची कडी तुटली होती, म्हणून ह्यांनी झाकण विजेच्या तारेनं गच्च आवळलं होतं. तारेची दोन टोकं वर शिंगांसारखी उभी. तो डबा त्यांनी चाळीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आम्ही समोरच्या पानटपरीमागं जाऊन उभे राहिलो.

मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे तेव्हा रेडिओ, टीव्ही, पेपर सगळे सांगत होते. शेंबड्या पोरालाही ते पाठ झालं होतं. आमच्या ह्यांच्या डोक्यात मात्र हिशेब आणि सूत यापलीकडे काही शिरलंच नव्हतं. आणि मी? मी शेवेची काळजी करत होते.

एका बाईनं डबा पाहिला आणि पोराला काखोटीला मारून आत पळाली. मग एक म्हातारा आला, तार बघून तोही मागं सरकला. कुणीतरी "बम है क्या?" म्हणालं आणि बघता बघता चाळ रिकामी होऊन रस्ता भरला. शेजारच्या कारखान्यातली खटखट थांबली. लूम बंद पडला की मालकाचा जीव वर-खाली होतो, त्यामुळे मालक बाहेर येऊन ओरडत होता. पण डब्याजवळ जाऊन ओरडायची त्याचीही तयारी नव्हती. जो तो दुसऱ्याला पुढं हो म्हणत होता.

"नापास," हे माझ्या कानात म्हणाले. "चल, बसची वेळ होईल."

तेवढ्यात चाळीची मालकीण आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळलेली, हातात कपडे वाळत घालायची काठी. इथल्याच शेतकरी घरातली बाई. जमिनीवर आधी भात पिकवला, मग चाळ बांधली. तिनं गर्दीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"सगली पोरं मागं घ्या," ती म्हणाली. "पुरुष आधीच मागं हायेत."

तिनं काठीचं टोक तारेत अडकवलं, डबा अलगद उचलला आणि पाण्याच्या पिंपात सोडला. डबा बुडाला, पुन्हा वर आला आणि गोल फिरायला लागला. कुणीतरी म्हणालं, अहो, ते प्यायचं पाणी आहे. त्यावर, मरायच्या वेळी तहान कशी लागते तुला, असं दुसऱ्यानं विचारलं आणि दोघांची तिथंच जुंपली. मालकिणीनं हात घालून डबा काढला, तार सोडली, झाकण उघडलं. आत बोट बुडवून चाखलं.

"शेव हाय," ती म्हणाली. "भिजली."

कुणी हसलं नाही. घाबरून घर सोडून पळालेल्या माणसाला शेव निघाली म्हणून लगेच हसू येत नाही.

"कोनाची हाय ही?"

हे माझा हात धरून ओढायला लागले. गल्ली मोकळी होती, बस मिळाली असती. पण मी त्या बाईकडे बघत होते. एवढी गर्दी मागं हटली आणि ही एकटी काठी घेऊन पुढं आली. सुरक्षित वस्ती म्हणजे आणखी काय असतं? मला हिच्या शेजारी राहायचं होतं. मी हात सोडवला आणि टपरीमागून बाहेर आले.

"आमची आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. गिरणी, भाऊ, लेक, परीक्षा, शेळीसकट. हे मागं मान खाली घालून उभे होते. लोक चिडले. कुणी म्हणालं पोलिसांत द्या, कारखान्याचा मालक म्हणाला भरपाई द्या.

मालकिणीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "म्हनजे तुमी आमची परीक्षा घेतली. आता आमी तुमची घेतो. हितं ओलखीबिगर खोली कोनाला देत न्हाय. तुमाला हितं कोन ओलखतं?"

कोण ओळखणार? ह्यांचे शेठ मारवाडला लग्नाला गेलेले. खानावळवाल्याला ह्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ह्या अख्ख्या राज्यात आम्हाला ओळखणारी एक मावससासू, आणि ती कल्याणला.

"मी ओळखते ह्यांना," मी म्हणाले.

आता मात्र लोक हसले. ती हसली नाही. "मंग सांग. तुझ्या पोरीच्या गल्यावर हात ठेवल्यावानी सांग. कसा मानूस हाय?"

वर्षभर इंदूरला मी ह्यांच्याबद्दल काय काय बोलले होते ते वहिनीला विचारा. धांदरट, हेकट, संसाराची अक्कल नाही. भावानं ह्यांना नावं ठेवली की मी आणखी दोन घालायची, त्या घरात माझं बरं चालावं म्हणून. ते सगळं जिभेवर होतंच. पण ती बाई खरं विचारत होती.

"अर्धवट आहेत," मी म्हणाले. "जे बघायचं ते ह्यांना दिसत नाही, न बघायचं ते डोळे फाडून बघतात. पण वर्षभर बाकड्यावर झोपलेत, आणि एकाही पत्रात तक्रार नाही. पोरीला आणि मला वाऱ्यावर सोडणार नाहीत. ह्यांच्यापासून कुणाला धोका नाही, शेव सोडली तर. मी सही करते हवी तर."

मागं वळून पाहिलं तर हे चष्मा पुसत होते, आणि चष्मा काही ओला नव्हता.

मालकिणीनं कनवटीची किल्ली काढली. हे चटकन हात पुढं करून आले. तिनं त्यांना काठीनंच बाजूला सारलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"खोली तुला दिली," ती म्हणाली. "याला तू ठेवतेस, तर राहू दे."