लाईटीला घरी माणूस

त्या वर्षांत आमच्या घरातली तिन्ही माणसं मिळून कधी कुठं गेली नाहीत. लग्न असो, मयत असो, एकानं मागं राहायचं. कुणी विचारलं, "का हो, दोघंच आलात?" की उत्तर ठरलेलं: "लाईटीला घरी माणूस पाहिजे ना." विचारणाऱ्यालाही ते लगेच पटायचं, कारण त्याच्याही घरी कुणीतरी तसंच बसवून ठेवलेलं असायचं.

न्हावऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. नवरा रांजणगावला कंपनीत शिफ्टवर, मी तिथंच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. राहता राहिल्या सासूबाई. त्यांना आमच्याकडच्या रीतीनं मी आत्याबाई म्हणायचे. लाईटीला घरी बसायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. कुणी पाडलं, कधी पाडलं, ते विचारू नका. घरात जी बाई रिकामी दिसते तिच्या गळ्यात अशी कामं आपोआप पडतात.

लोडशेडिंगचं वेळापत्रक डेअरीच्या भिंतीवर चिकटवलेलं असायचं. ते वाचून फक्त हसायचं. लाईट तिच्या मनाला येईल तेव्हा यायची, आणि आली की बाईमाणसाच्या अंगात यायचं. आधी मोटार, कारण हौदातलं पाणी स्लॅबवरच्या टाकीत चढलं नाही तर पुढं दोन दिवस बादल्या वाहा. मग कपड्यांचं मशीन, मग मिक्सर, मग इस्त्री, मग मोबाईल. तेवढ्यात परत गेली की कपाळावर हात मारून बसायचं. कंपनीत आठ तास उभी राहून मी घरी यायचे आणि दारातच पहिला प्रश्न विचारायचे, "आलती का?" सासू कशी आहे, जेवली का, हे नंतर.

कुणालाच घरी थांबता येत नसेल तर सगळी बटणं दाबून जायची आमच्याकडं पद्धत होती. म्हणजे आपण नसताना लाईट आली तर आपलं आपण चालू होईल. ऐकायला किती सोपं! पण चालू झालेलं बंद कोण करणार? टाकी भरून वाहायची. हौद आटला तर मोटार कोरडी फिरून जळायची. आणि मशीनची तर वेगळीच तऱ्हा. मी हट्टानं घेतलेलं ते सेमी ऑटोमॅटिक. सकाळी पाणी, पावडर, कपडे घालून, बटण फिरवून मी ऐटीत ड्युटीला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर कपडे तसेच आंबून वास मारतायत. त्या बटणाला आत घड्याळासारखी चावी होती. लाईट असो नसो, ते आपलं टिकटिक करत शून्यावर येऊन थांबायचं. म्हणजे लाईट आल्यावर ते फिरवायलाही माणूस लागायचाच. आत्याबाईंनी ते शिकून घेतलं. एवढ्या बाबतीत त्या माझ्याहून हुशार निघाल्या.

खरं तर असं एका जागी बसायची सवय त्या बाईला नव्हती. त्यांचं माहेर मेंढरंवाल्यांचं. लग्न होऊनही अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी परत वर यायचं. सासऱ्यांनी मेंढरं विकून इथं थोडी जमीन धरली तेव्हा पाय थांबले. "भिताडं अंगावर येत्यात गं," त्या कधी कधी म्हणायच्या. मग निदान शेजारीपाजारी तरी जाऊन यायच्या, भजनाला बसायच्या.

तेही बंद झालं. त्याचं कारण माझा नवरा. पलीकडच्या घरी बारसं होतं, आत्याबाई पाळणा म्हणायला गेल्या. लाईट नव्हती आणि मोटारीचं बटण पद्धतीप्रमाणं चालू होतं. इकडं लाईट आली, हौद तळाला गेलेला, मोटार कोरडी फिरली आणि जळाली. नवरा शिफ्टवरून आला आणि जळका वास आल्या आल्या त्या बारशाच्या मांडवातच जाऊन उभा राहिला. "तुला येवढं एकच काम सांगितलंय, लाईटीला घरी बसायचं. तेबी व्हत न्हाई?" सगळ्या बायांदेखत. आत्याबाई घुगऱ्यांची वाटी तिथंच ठेवून उठल्या. मोटार शिरूरला नेऊन वाइंडिंग करून आणली, ती पुन्हा चालायला लागली. पण आत्याबाईंनी उंबरा सोडला नाही तो नाहीच. मला नवऱ्याचा इतका राग आला होता की दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. त्याला ते कळलंसुद्धा नाही, डबा मिळत होता ना वेळेवर.

आत्याबाईंची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, मात्र अजून मेंढरांबरोबर हिंडत होती. घर फलटणच्या बाजूला, पण दिवाळी झाली की लेकासुनांबरोबर निघायचं. वाटेत केडगावच्या बाजूला एखाद्या शेतकऱ्याच्या रानात दोन रात्री मेंढरं बसायची. रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी बोलावूनच नेतात. मेंढरांच्या त्या मुक्कामाला ते लोक वाडा म्हणतात. वर्षातून दोन बहिणींची भेट व्हायची ती त्या वाड्यावर, एवढीच. मोटार जळाली त्या वर्षी निरोप आला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "लाईटीचं बघाया कोन हाय?" आणि गेल्या नाहीत. मावशीनं दूधवाल्याकरवी उलट निरोप धाडला, "येत न्हाई म्हंजी? मेली का काय?" आत्याबाई हसल्या आणि मग आत जाऊन बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या.

पुढच्या वर्षी मावशीच्या लेकाचा मोबाईलवर फोन आला. वाडा केडगावच्या अलीकडं बसलाय, परवा पहाटं हलणार. आणि आईला आता चालवत नाही, गुडघे गेलेत. पुढच्या साली तिला घरीच ठेवून येणार आहोत. मी फोन ठेवला आणि ठरवलं, काही झालं तरी यांना न्यायचंच. एकदा मावशी फलटणला घरी बसली आणि ह्या इथं लाईटीला बसल्या की मग दोघींची भेट कसली होतेय?

सुट्टी मागितली. सुपरवायझरनं तोंड वाकडं करून दिली. आत्याबाई मात्र तयारच होईनात. "तू एकलीच जाऊन ये. मी हाय घरी."

"बहीण माझी आहे का तुमची?" मी चिडून म्हटलं. "हौद काठोकाठ भरलाय. सगळं चालू करून जाऊ. टाकी वाहिली तर वाहू दे. पाणी सांडेल, घर तर वाहून जात नाही ना!"

"आन् मोटार जळली म्हंजी?"

"जळू दे! मी बघते तुमच्या लेकाकडं."

तेव्हा कुठं त्यांनी नवं लुगडं काढलं. लाईट सकाळपासून नव्हतीच. मी मोटारीचं बटण दाबलं, मशीनमध्ये कपडे भिजवून तेही चालू ठेवलं. चावी उतरणार हे ठाऊक होतं, पण कधी नव्हे ते नशिबानं अर्ध्या तासात लाईट आली तर तेवढंच निघेल, म्हणून बटण फिरवलं. बाईची आशा काय सुटत नाही. कुलूप लावल्यावर आत्याबाईंनी ते दोनदा ओढून पाहिलं. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि नदीचा पूल ओलांडेपर्यंत त्या मागं घराच्या दिशेनंच बघत होत्या. पुढं रस्त्याकडेच्या रानात मेंढरं दिसायला लागली तसा त्यांचा चेहरा बदलला. त्या जीपमधून वाकून बघायला लागल्या, हे कुणाच्या मेंढरांचं खांड, ही कुणाची घोडी. मला त्यांचा असा आवाजच माहीत नव्हता.

ऊस तुटून गेलेल्या रानात वाडा होता. बापे मेंढरं घेऊन चारायला गेलेले. बिऱ्हाडापाशी घोडी, कोंबड्या, डालग्याखाली कोंडलेली बारकी कोकरं, आणि पोत्यावर पाय लांब करून बसलेली मावशी. तिला उठता येईना. आत्याबाईच धावत जाऊन तिच्यापुढं बसल्या. मावशीनं दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं, मग एक धपाटा घातला. "बया! किती वाळलीस. खायाला घालीत न्हाईत व्हय गं तुला?" हे माझ्याकडं बघून. मी हसले. दोघी रडायला लागल्या, मग हसायला लागल्या, मग परत रडायला. मावशीनं सुनेला हाक मारून कोंबडं धरायला सांगितलं. चूल पेटली. चहाचं पातेलं चढलं. मी एका बाजूला गोधडीवर टेकले आणि वाटलं, आता जरा पडावं, आज कुणी मला उठवणार नाही.

चहा हातात आला तेवढ्यात बांधापलीकडच्या विहिरीवरची मोटार घुमायला लागली. मोटारीच्या खोपटावरचा दिवा भर दुपारी पेटला. आत्याबाईंची मान तिकडं वळली आणि तशीच राहिली.

"लाईट आली," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, ती इकडची. हा दुसरा तालुका, दुसरी लाईन. आपल्याकडं कशावरून आली असेल?"

"आली आसंल. हौद किती पुरंल? आन् मोटार चालूच हाय." त्यांनी चहा खाली ठेवला होता.

मावशी म्हणाली, "बस की गं. आत्ता तर टेकलीस. येऊ दे की लाईट. ती काय पाव्हणी हाय व्हय, तिला चहापानी कराया जायचं?"

"तसं न्हवं. मोटार जळती."

"मोटार जळती!" मावशीचा आवाज चढला. तिनं उभ्या जन्मात एक बटण दाबलं नसेल. "मी तुजी थोरली बहीण का ती मोटार तुजी थोरली? मी पुढल्या साली न्हाई यायची, सांगितलं न्हाई का तुला पोरानं?"

आत्याबाई बसल्या. खरंच बसल्या. पण मावशी बोलतेय आणि यांचे डोळे खोपटावरच्या दिव्यावर. मावशी गुडघ्यांचं सांगत होती, कोकणात गेल्या साली घोडी मेली ते सांगत होती, आणि ह्या "व्हय, व्हय" करत पदराचं टोक पिळत होत्या. शेवटी मावशीनंच बोलणं थांबवलं. चुलीपाशी सून कोंबडं सोलत होती.

"जा बाई," मावशी म्हणाली. "जा. जळंल ती."

आणि त्या उठल्या. मी हाताला धरलं, जेवून तरी जाऊ म्हटलं, सुनेनं सुरीसकट येऊन विनवलं. नाही. मावशीनं आमच्याकडं पाहिलं नाही. ती कोंबड्यांना दाणे टाकत बसली.

परतीची जीप भरल्याशिवाय सुटेना. मला भूक लागली होती, डोकं ठणकत होतं, आणि आत्याबाईंचा इतका संताप आला होता की मी तोंड दुसरीकडं करून बसले. त्या सबंध वाटेत दिसेल त्या खांबाकडं, दिसेल त्या दुकानातल्या दिव्याकडं बघत होत्या. घरापाशी आलो तर स्लॅबवरून पाणी पडत नव्हतं. त्या घाईनं आत शिरल्या. मोटार गप्प. मशीनचं बटण शून्यावर, कपडे साबणात तसेच. फ्रीजचं दार उघडलं तर आत अंधार. मी भिंतीवरून शेजारणीला विचारलं, "लाईट आलती का गं?"

"कुठली! सकाळपास्नं मेली न्हाई."

आत्याबाई मधल्या खोलीत उभ्या होत्या. अंगावर नवं लुगडं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लहान पोर विचारतं तसं विचारलं, "मग मी कशाला उठले गं?"

माझा सगळा राग गेला. मी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. उद्या पहाटं वाडा हलणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सगळी बटणं बंद करायचंसुद्धा माझ्यात त्राण नव्हतं. तसेच आंबट कपडे तिथंच राहू दिले आणि पिठलं-भाकरी करायला घेतली.

संध्याकाळी नवरा आला. त्याला मी दोन वाक्यांत सांगितलं. "बरं झालं, लवकर आला," एवढंच तो म्हणाला. मेणबत्ती लावून आम्ही जेवायला बसलो. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, भूक नाही म्हणाल्या. त्याचा दुसरा घास तोंडात आणि लाईट आली. फ्रीज गुरगुरला, मोटार घुमायला लागली. नेहमी अशा वेळी आत्याबाई मोटारीच्या आवाजाआधी उठायच्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. आम्ही जेवत राहिलो. टाकीत आधीचं पाणी होतंच, ती लवकर भरली आणि पाणी धो धो अंगणात पडायला लागलं. मी उठायला लागले तर त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि मला खाली दाबलं.

"आई, ऐकू येत न्हाई व्हय? मोटार बंद कर की! हौद संपल!"

"येतंय ऐकू."

"मग?"

"बहिणीच्या दारातनं उपाशी उठून आले मी आज," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आता तू ऊठ."

नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी माझ्या ताटात बघत होते. मग तो भरल्या ताटावरून उठला.