रुमालाखालचा आकडा

१९७१ सालचा डिसेंबर, घोडेगावच्या बाजाराचा दिवस. भाषणाचं मानधन रुपये पंधरा, गुरांच्या दवाखान्याच्या किरकोळ खर्चातून. हजर: गुरांचे डॉक्टर, त्यांचा जीपवाला, मी, आणि उभ्याउभ्या ऐकणारे साधारण तीस लोक. 'साधारण' लिहिणं मला आवडत नाही, पण बाजारात माणसं मोजता येत नाहीत. एक जण येऊन उभा राहतो तोवर दोघं कुणाच्या तरी बैलाचे दात बघायला निघून जातात.

मी तेव्हा नेवासे तालुक्यातल्या एका सोसायटीत हिशेबनीस होतो. चार लोकांपुढे उभं राहून बोलायची सवय नव्हती. डॉक्टरांनी मला धरलं ते आमच्या गोठ्यामुळे. आमची गावरान गाय त्यांनी काही वर्षांपूर्वी इंजेक्शननं भरवली होती, म्हणजे वळू न लावता, विलायती वळूचं बीज नळीनं सोडून. तिला झालेली कालवड मोठी होऊन त्या साली पहिल्यांदा व्याली. आई दिवसाला दोन लिटर द्यायची, लेक आठ लिटर देऊ लागली. दूध माझी बायको काढायची आणि मापानं मोजायची. मी ते टिपून ठेवायचो.

"हिशेबनीस," डॉक्टर म्हणाले, "मी सांगितलं की लोक म्हणतात, हा सरकारी माणूस, सांगणारच. तुम्ही प्रपंचाचे. तुमच्या गाईचं तुम्हीच सांगा."

पुढच्या महिन्यापासून ते आठवड्यातून एकदा बर्फाच्या डब्यातून बीज घेऊन घोडेगावात येणार होते. लोकांनी गाई आणल्या तरच ते चालू राहणार होतं.

मी आठवडाभर तयारी केली. मोठा खाकी कागद आणला, त्यावर पट्टीनं खांब काढले. आईचे निळे, लेकीचे तांबडे. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, फॅट, किती दिवस दूध दिलं, पेंड, वैरण आणि किती खेपेला गाय गाभण राहिली, असे सात प्रकार. आदल्या संध्याकाळी तो भिंतीला लावून बायकोपुढे भाषण म्हणून दाखवलं. ती शेंगा फोडत बसली होती.

"अहो, मी रोज दूध काढते, तरी मला हे उमजेना," ती म्हणाली.

"काय उमजेना?"

"कुठली गाय कुठली ते."

"निळी आई, तांबडी लेक."

"आपली आई तांबडी आहे. आणि लेक काळीपांढरी."

शाई वाळली होती. बदलणं शक्य नव्हतं.

"एवढं सांगूच नका," ती शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. "बाजारात लोक उभे असतात, त्यांचं निम्मं लक्ष जनावराकडे. आधी किती दूध होतं, आता किती आहे आणि तिला खायला किती लागतं, बस्स."

"डॉक्टर म्हणाले, पेंडीचं नाही सांगितलं तरी चालेल."

"पेंड डॉक्टर आणतात का?"

पेंड मी ठेवली. आणि बाकीचे सहाही खांब ठेवले. आठवड्याची मेहनत होती.

बाजारात जीप लिंबाच्या झाडाजवळ लावली होती. डॉक्टर भोंग्याची बॅटरी नीट करत होते, म्हणून मी सावलीला बसलो. शेजारीच एक म्हातारा आणि त्याची बायको होती. थोडं पुढे उन्हात त्यांची गाय बांधलेली. गावरान, लहान चणीची, कपाळावर पांढरा ठिपका. दाव्याचं दुसरं टोक म्हातारीच्या हातात होतं. गाय खुंट्याला बांधलेली असताना तिनं दावं का धरलंय ते मला कळेना.

"उन्हात बांधलीत तिला," म्हातारी म्हणाली.

"सावलीत बांधली म्हून काय दर वाढत न्हाई."

"अजून इकली न्हाई."

"इसार घेतलाय."

"इसार मी घेतला न्हाई."

म्हातारा माझ्याकडे बघून हसला, जसं काही आम्ही दोघं एका बाजूचे. मी विचारलं तसं त्यानं सांगितलं. पोरगा साखर कारखान्यावर कामाला, घरी दोघंच. गाय दीड लिटर देते. पाऊस कमी झालेला, कडबा महाग. दलालानं पाच रुपये विसार देऊन सौदा पक्का केला होता. दुपारी पावती करून गाय त्याच्या हवाली करायची होती. दर किती ठरला ते मात्र त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गुरांच्या बाजारात ते विचारत नसतात.

ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे दर तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. सगळी बोटं धरली की पाच. पाच धरून पुन्हा तीन धरली की आठ. दहा, शंभर कशाचे ते आधीच ठरलेलं असतं. मूठ मिटून घेतली की सौदा नाही. तोंडानं दोघंही मोठमोठ्यानं काहीतरी भलतंच बोलत असतात, ते भोवतालच्यांसाठी. मी हे लहानपणापासून बघत आलो होतो. त्याचा माझ्या भाषणाशी काही संबंध असेल असं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टर आधी बोलले. मग मी. जीपवाल्यानं कागद दोन्ही हातांनी धरला आणि वारा आला की कागद त्याच्या तोंडावर जाई. मी भोंग्यातून निळा खांब, तांबडा खांब करत पहिल्या खांबावरून दुसऱ्यावर गेलो. तिसऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा फॅट म्हणजे काय ते समजावताना माझाच घसा कोरडा पडला.

"साहेब, गाय कागदावरच व्यायली काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"कागदाला वैरण लागत न्हाई, म्हून दूध लई देतीय," दुसरा म्हणाला.

लोक हसले. मीही हसलो, पण उशिरा. मग पुढचे खांब भराभर उरकले: दूध दोनाचं आठ झालं, रोज तीन किलो पेंड लागते, आईला तिसऱ्या खेपेला बीज लागलं, पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. टाळ्या नाहीत, प्रश्न नाहीत. माणसं पांगली. डॉक्टर म्हणाले, "चांगलं झालं." ते चांगले गृहस्थ होते.

मी कागदाची गुंडाळी करत होतो तेव्हा तो म्हातारा जवळ आला. खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि आतून माझा हात धरला.

"आता खरं सांगा," तो म्हणाला.

"कशाचं?"

"तुमच्या गाईचं दूध."

"आठ लिटर. आत्ताच सांगितलं की."

"ते भोंग्यातलं झालं. भोंग्यातला आकडा समद्यांसाठी असतोय. माझा सांगा."

तेव्हा मला उमगलं की आठवडाभर मी काय केलं होतं. या लोकांच्या बाजारात मोठ्यानं बोललेला आकडा हा दिखाव्याचाच असतो, आणि मी भोंगा लावून सात आकडे बोललो होतो. जितक्या मोठ्यानं सांगितलं, तितकं ते त्यांना खोटं वाटलं असणार.

त्याचा हात खरखरीत आणि गरम होता. मी त्याची पाच बोटं धरली, मग तीन.

"आणि तिच्या आईचं?"

दोन बोटं.

"पेंड?"

तीन.

"किती खेपा?"

पुन्हा तीन. तो थोडा वेळ हात धरून राहिला, डोळे माझ्या तोंडावर.

"भोंग्यात बी हेच बोलला तुमी."

"हो."

"मग रुमालात कशाला आला?"

"तुम्ही आणलंत म्हणून."

तो इतका हसला की त्याला खोकला आला. मघाशी कागदाला वैरण लागत नाही म्हणणारा माणूस ते बघत होता. तो पुढे आला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मला बी सांगा." मी त्यालाही रुमालाखाली सांगितलं. मग त्याच्यामागचा आला. जीपवाला म्हणाला की हे भोंग्यावरून पुन्हा जाहीर करू का, तर डॉक्टरांनी त्याला गप्प बसवलं आणि भोंगा स्वतःच जीपमध्ये ठेवून दिला. सात खांबांपैकी कुणीही फॅट विचारलं नाही. दूध, आधीचं दूध, पेंड, खेपा. बायकोनं तीन सांगितले होते. बाजारानं चार मागितले.

एवढ्यात म्हातारी गाय सोडून घेऊन तिथेच आली. हातात दावं, मागे गाय. ती सगळ्यांदेखत माझ्याशी बोलली, रुमाल वगैरे काही नाही.

"दादा, इंजेक्शन दिल्यावर गाय आमचीच ऱ्हाती का?"

"म्हणजे?"

"सरकारचं बीज म्हनत्यात. मग वासरू सरकार न्हेतंय का?"

कुणी हसलं नाही. मी भोवती पाहिलं तर सगळे उत्तराची वाट बघत होते. म्हणजे हा सगळ्यांचाच प्रश्न होता आणि माझ्या कागदावर त्याला खांब नव्हता.

"गाय तुमची, वासरू तुमचं," मी म्हणालो. "सरकार काही नेत नाही. आमच्या घरी दोघीही शेजारी शेजारी बांधलेल्या आहेत."

"आई हाय अजून?"

"आहे. आता आटलीय. पण लेकीला हंबरते."

म्हातारीनं मान हलवली. आठ लिटरपेक्षा तिला हे जास्त पटलेलं दिसलं.

मग म्हाताऱ्यानं जे केलं ते त्या बाजारात आधी कधी कुणी पाहिलं नसेल. त्यानं रुमाल उचलला आणि बायकोच्या हातावर टाकला. बाईमाणसाशी रुमालात सौदा करायची रीत नव्हती. दोन-चार जण चपापले. ती लाजली आणि इकडेतिकडे पाहू लागली.

"बोल," तो म्हणाला. "दलालानं त्याचा सांगितलाय. तुझा किती?"

रुमालाखाली काही हललं नाही. मग म्हाताऱ्याचा चेहरा बदलला आणि तो हळूच म्हणाला, "मूठ मिटली हिनं."

दलाल जवळच उभा होता. भला माणूस, पण धंद्याचा. "आजीबाई, सौदा झालाय," तो म्हणाला.

"त्यांचा झालाय. माजा आत्ता मोडला."

"मग रिवाज ठाऊक हाय ना? इसाराच्या दुप्पट."

दुप्पट म्हणजे दहा. दलालाचे पाच म्हाताऱ्याच्या टोपीत होते, ते त्यानं काढले. वरच्या पाचासाठी कनवटीला हात घातला आणि नुसताच चाचपत राहिला. म्हातारीनं दावं दुसऱ्या हातात घेतलं. गाय तिच्या लुगड्याचा काठ चाटत होती.

मानधनाचे पंधरा रुपये डॉक्टरांनी सकाळीच दिले होते, तीन पाचाच्या नोटा. मी म्हाताऱ्याचा रुमाल उचलला, त्याच्या हातावर टाकला आणि खाली एक नोट ठेवली. बोट धरलं नाही, आकडा सांगितला नाही. त्यानं माझा हात दाबला.

"हे उसनं," तो पुटपुटला.

"उसनंच."

दलालाला दहा रुपये मिळाले. "पुढच्या बाजाराला म्हातारीला घरी ठिवून ये," तो म्हाताऱ्याला म्हणाला. म्हातारी म्हणाली, "मग तू बी तुझ्या बायकोला विचारून येत जा." यावर मात्र सगळे हसले, दलालसुद्धा.

घरी जाऊन मी बायकोला दहा रुपये दिले. "पंधरा म्हणाले होते ना?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं गाईचा रंग विचारला, कपाळावरच्या ठिपक्याचं ऐकलं आणि नोटा डब्यात ठेवल्या.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली, गुरं छावणीत गेली. आमची आटलेली गाय त्या कोरड्या पावसाळ्यातच मेली, लेक तगली. त्या काळात घोडेगावच्या त्या दोघांची आठवण मला बरेचदा व्हायची आणि भीतीही वाटायची. आठ लिटरचा आकडा पेंड असलेल्या वर्षातला होता. मी तो खरा सांगितला होता, पण पुढचं वर्ष कसं असेल ते माझ्या बोटांत नव्हतं.

थंडी पडू लागली तेव्हा एका रविवारी दोघं दारात उभी राहिली. मला आधी ओळख पटली नाही, इतकी वाळली होती. दगड वाहून म्हातारीच्या तळव्यांना घट्टे पडले होते.

"कालवड हाय," म्हातारा उभ्या उभ्याच म्हणाला. "छावणीत झाली. दुसऱ्या खेपंला लागली. तुमच्यापरीस एक खेप कमी."

"ठिपका?" माझ्या बायकोनं आतूनच विचारलं.

"हाय," म्हातारी म्हणाली. "पर काळी."

गाय किती दूध देते हे मी विचारलं नाही. छावणीतल्या चाऱ्यावर काय देणार. जेवढं देते ते वासराला पुरतं, एवढं त्यांनीच सांगितलं. चहा झाला. म्हातारीनं आमच्या गोठ्यात जाऊन काळ्यापांढऱ्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला, रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं आणि बाहेर आली.

निघताना तिनं कनवटीतून काहीतरी काढलं. मी म्हणालो, "आजी, राहू द्या, दुष्काळाचं वर्ष आहे." बायकोनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग तिनं पुढे होऊन आपला पदर म्हातारीच्या हातावर टाकला, आणि पदराखाली दोघींचे हात थोडा वेळ तसेच राहिले.

दोघं गेल्यावर बायकोनं मूठ उघडून दाखवली. सुट्ट्या नाण्यांत आणि चुरगळलेल्या एकेकच्या नोटांत, पुरे पाच रुपये. मला नव्हे, तिला दिलेले.