सातवं पेर

"काकू, फक्त ऐका. मध्ये बोलायचं नाही." असं म्हणून तो माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचा आणि अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवायचा. मग एकेक गोष्ट सांगत अंगठा पुढच्या पेरावर सरकायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, जपाला बसलाय. तोंडात मात्र कॉम्प्युटर असायचा.

इकडे तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यातल्या आमच्या घरात, वरच्या खोलीत तो तीन वर्षं भाड्याने राहिला. पुण्याचा, पंचेचाळिशीचा, एकटा. बायको होती की नव्हती ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. काम घरूनच. दिवसभर वर खुर्ची सरकल्याचा आवाज, बाकी काही नाही. असे भाडेकरू तुम्हीही पाहिले असतील. भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाहीत.

पहिलं वर्षभर आमचं बोलणं पाण्याच्या मोटारीपुरतं होतं. मग एका सकाळी मी गोंगुऱ्याची, म्हणजे तुमच्या अंबाडीची, पानं निवडत बसले होते, तर खाली आला. "काकू, दहा मिनिटं बसू? एक अडचण मोठ्याने सांगायची आहे."

"मला काय कळणार? माझी शाळा चौथीत संपली."

"म्हणूनच तुम्ही हव्यात. कळणारा मध्येच सल्ला देतो. न कळणाऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता चूक आपली आपल्याला सापडते."

त्यांच्या कामात ही रीतच आहे म्हणे. ऐकायला कोणी नसलं तर टेबलावर खेळण्यातलं बदक ठेवतात आणि त्याला सांगतात. मी म्हटलं, "मग बदक आण."

"बदक चहा देत नाही."

"हौ," मी म्हटलं आणि चहा ठेवला. 'हो'च्या जागी येणाऱ्या माझ्या हौला तो नेहमी हसायचा.

महिन्यातून एक-दोनदा असं व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या पेरावर त्याला चूक सापडायची. वाक्य अर्धं, चहा अर्धा, आणि हा जिन्यावर. मी कप विसळायची.

गेल्या उन्हाळ्यात मात्र गाडी अडली. दवाखान्यांचे छापील कागद वाचून त्यांतलं हवं तेवढं वेगळं काढणारा प्रोग्राम त्याने कित्येक वर्षं खपून केला होता. कंपनीने नवं मशीन दिलं, ते मशीन चालवणारं लिनक्सही नवं, आणि त्यावर तो प्रोग्राम चालता चालता मध्येच पडायला लागला.

"का पडला तेही धड सांगत नाही, काकू. एक ओळ लिहितो आणि मरतो."

"ओळ तरी लिहितो. आमचे हे तेवढंही न सांगता गेले."

हसावं की नाही ते त्याला कळेना. मग म्हणाला, महिनाअखेरपर्यंत चालला नाही तर कंपनी तो मोडीत काढणार. म्हणजे त्याचं इथलं कामही संपलं.

त्या पहिल्या दिवशी त्याची सात पेरं झाली. अंगठा मधल्या बोटावर पोचला होता. चूक सापडली नाही, चहा निवला. दुसऱ्या दिवशी परत आला, तिसऱ्या दिवशी परत. शब्द कळत नसले की माणूस बोटांकडे बघतो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, याचा अंगठा आता मधल्या बोटाला लागतच नाही. सहावर थांबतोय. कोणतं पेर गळलं तेही मला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून चार दिवस मी गप्प बसले.

नियम त्याचाच होता, बोलायचं नाही. पण ते कारण नव्हतं. चूक सापडली की तो वर जाणार होता. लेक रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस या घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. तो रोज तासभर बोलत होता. डोळे लाल, दाढी वाढलेली, आवाज बारीक होत चाललेला. मला दिसत होतं. तरी मी पानं खुडत बसले.

पाचव्या दिवशी तो बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, "काकू, सुतळी आहे का? पुस्तकांची खोकी बांधतो."

"बस. बोटं धर."

त्याने मोजलं. सहा.

"एक राहिलं," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी तू सांगितलंस, दुसऱ्यांनी केलेल्या तयार प्रोग्रामांच्या लायब्ररीतला एक तुकडा घाईत जुन्या मशीनवरून तसाच उचलून आणला. नंतर नुसतं म्हणतोस, सगळं नवं टाकलंय."

तो अनामिकेकडे बघत राहिला. "ते मॉड्यूल... नव्याने बनवणार होतो मी. बनवलं असंच धरून चाललो."

"जुन्या मापाचं पोलकं नव्या अंगावर चढवलं तर शिवण उसवणारच."

तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला. दुपारी खाली आला तेव्हा दाढी केलेली होती. तो तुकडा नव्या मशीनवर पुन्हा बनवला आणि प्रोग्राम एकदाही पडला नाही. त्या दिवशी त्याने चहा पूर्ण प्यायला.

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

"आत्ताच," मी म्हटलं.

त्यानंतर तो सहा-सात महिने राहिला. खाली कमीच आला. मग कंपनीने त्याला त्याच प्रोग्रामसाठी पुण्याला बोलावून घेतलं. जाताना वाकून नमस्कार केला, किल्ली हातात ठेवली, आणि म्हणाला, "बदकापेक्षा तुम्ही बऱ्या."

वरची खोली रिकामी आहे. स्टूल मी हलवलेलं नाही. सकाळी भाजी निवडताना झालेली कामं बोटांवर मोजते. दूध, मोटार, देवपूजा, गोळी, कपडे, भाजी. सहा होतात. सातवं पेर म्हणजे ते चार दिवस. ते मोठ्याने सांगायला समोर कोणीतरी लागतं.