हिमोग्लोबिन बरं होतं, लोह संपलं होतं

“हिमोग्लोबिन बरं आहे, पण तुमच्या अंगातलं लोह संपलंय,” कोल्हापुरातल्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बरं झालं की आई, काहीतरी सापडलं,” शेजारी बसलेला माझा मुलगा म्हणाला. मला मात्र संताप आला.

वर्षापूर्वी मला हार्ट फेल्युअर झालं. यात हृदय बंद पडत नाही, त्याचा पंप कमजोर होतो. गोळ्यांनी पायांची सूज उतरली, थकवा मात्र तसाच. मुरगूडला आमच्या दोन म्हशी होत्या. एकीची धार काढून दुसरीपाशी जायचं तर भिंत धरावी लागायची.

तिथल्या डॉक्टरांना मी दर खेपेला हेच सांगायचे. “मावशी, हृदयच कमजोर आहे. आता असंच चालायचं,” ते म्हणायचे. एकदा माझ्यासमोरच माझ्या नवऱ्याला म्हणाले, “त्या मनावर फार घेतात.”

वाटेत नवऱ्याने तेच ऐकवलं. “डॉक्टर काय खोटं बोलतोय व्हय? मनातनं काढून टाक की.”

शेवटी म्हशी विकल्या. त्यांना नेताना मी उंबऱ्यावर बसून होते. उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचंही बळ नव्हतं.

कोल्हापूरच्या बाईंनी फेरिटिन तपासलं होतं. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचं माप. कमजोर हृदयाच्या माणसाचा हा साठा आटला, तर हिमोग्लोबिन चांगलं असूनही तो दमतो.

“मग गोळ्या द्या की,” मी म्हणाले.

“तुमच्या आजारात गोळ्यांनी फारसं भागत नाही. शिरेतून द्यावं लागेल.”

सलाइनसारखी लोहाची तपकिरी बाटली लावली. काही आठवड्यांत बाजारातून चालत घरी आले. हृदय अजून कमजोरच आहे, त्याच्या गोळ्या चालूच आहेत. पण अंघोळ करून आता धाप लागत नाही.

रिपोर्ट घेऊन मी जुन्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, “आपल्या गोळ्या बरोबरच होत्या.”

“गोळ्या बरोबर होत्या. पण वर्षभर जीव दमतोय म्हणून सांगितलं, एकदा तरी ऐकलासा का? ही एक तपासणी केलासा का?”

माझा आवाज बाहेरपर्यंत गेला. मी बाहेर आले तर बाकावर एक अनोळखी बाई आपल्या थकलेल्या सासूला धरून बसली होती.

“मावशी, कुठली तपासणी म्हणालासा?”

मी तिच्या शेजारी बसले. “फेरिटिन,” म्हटलं. “आत गेल्यावर विचार. न्हाई म्हणाले, तर का न्हाई तेबी विचार.”